शिवेवरचा तेवढा तुकडा

वाटेला गट्टू की मुरूम, हा आपला वाद तुम्ही अर्धाच टाकून गेलात, विहीणबाई. हे काही बरं केलं नाही. वादात हरायची वेळ आली की तुम्ही नेहमी काहीतरी काम काढून उठायच्या. दूध उतू चाललं म्हणायच्या, सून हाक मारते म्हणायच्या. सून म्हणजे माझीच लेक, आणि ती हाक मारत नाही हे मलाही ऐकू येत असायचं. या वेळी तुम्ही कायमच्याच उठलात. आता माझं म्हणणं ऐकून घ्यायला समोर कोणी नाही.

उद्या तुमची तेरवी. प्रमोद म्हणाला, "मामी, दोन शब्द बोला." तुमचा मुलगा, माझा जावई, त्याला नाही म्हणणं जड गेलं, पण म्हणाले. सारा जन्म शाळेत बोलण्यात गेला, तरी माईकसमोर उभं राहून तुमच्याबद्दल 'त्या अशा होत्या, त्या तशा होत्या' हे माझ्याच्यानं होणार नाही. आपण दोघी समोरासमोरच बऱ्या. म्हणून हे लिहायला बसले आहे. मधे उठू नका.

अर्चना तुमच्या घरात आली त्यानंतरची कितीतरी वर्षं मी तुमच्याशी जपूनच बोलले. मुलीची आई. आपला जीव दुसऱ्याच्या घरात नांदत असला की माणूस आवाज चढवत नाही. तुम्ही नेसवलेली साडी सुरेखच असायची, तुमच्या भाजीत मीठ कमी पडलं तरी ती फक्कडच असायची. तुम्हाला ते कळत होतं. "मास्तरीनबाई, तुमी माह्यासंगं बोलून राहिल्या का शाळा तपासाले आलेल्या सायबासंगं?" असं एकदा तुम्ही भरल्या पंगतीत विचारलं होतंत. मी हसले आणि आणखी एक पोळी वाढून घेतली.

आपल्याला मोकळं केलं ते शुगरने. अमरावतीच्या डॉक्टरकडे आपण एकाच बाकावर बसलो होतो, दोघींच्या हातात तसल्याच चिठ्ठ्या. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तुम्ही म्हणालात, "मंग आता काय उडून राहिलो का आमी? दिवसभर बगीच्यात पाय मोडते." ते म्हणाले, ते काम झालं, हे वेगळं, हे नुसतं चालायचं. परतीच्या एसटीत तुम्ही वरूड येईपर्यंत हसत होतात. नुसतं चालायचं म्हणे. कुठे पोचायचं नाही, डोक्यावर काही न्यायचं नाही, नुसतंच. मग हसता हसता तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात. तुम्हाला ते आवडलं होतं, हे मला तेव्हाच कळलं.

आपल्या गावांचं ते असं. आमचा हिवरा आणि तुमची बोरखेडी, दोन्ही नदीच्या एकाच काठावर. तुमच्या देवळातला भोंगा आमच्या ओट्यावर ऐकू येतो. पण नदीकाठाने सलग वाट नाही. मधे संत्र्यांचे बगीचे, त्यांचे बांध-धुरे, काटेरी तार, बाभळी. एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर आधी मोठ्या रस्त्याला लागायचं आणि लांबलचक वळसा घालून पुन्हा खाली उतरायचं. मग आपण त्या मोठ्या रस्त्यानेच फिरायला लागलो, तुम्ही तुमच्या बाजूने, मी माझ्या. संत्र्याचा हंगाम लागला. एका ट्रकचा आरसा तुमच्या पदराला लागला आणि तुम्ही सरळ नालीत बसलात. मी धावत आले तेव्हा तुम्ही नालीतच होतात, चप्पल शोधत. म्हणालात, "शुगर नाही मारत आपल्याले. हा ट्रकच मारते." आणि चप्पल सापडल्यावर, "काहो, नदीकाठानं काहून नाही?"

एवढंच. नंतर जे सगळं झालं ते त्या नालीतून निघालं.

अमरावतीच्या ज्या ऑफिसात आपण वाटेचा अर्ज घेऊन गेलो, तिथला साहेब मला अजून आठवतो. बिचारा वाईट नव्हता. त्याच्यासमोर असा अर्ज कधी आला नव्हता, दोन बायका फिरायला वाट मागतात. त्याने विचारलं, रस्ता कोणत्या गावाचा? तुम्ही म्हणालात दोन्हीचा. तो म्हणाला, दोन्हीचा म्हणजे कोणाचाच नाही, कोणत्या ग्रामपंचायतीच्या नावे लिहू? मग त्याने विचारलं, रस्ता जातो कुठे? तुम्ही सांगितलंत, "इहिनीकडे." मी टेबलाखालून तुमचा पाय दाबला. शेवटी तो चष्मा काढून तुम्हाला म्हणाला, "सुमनबाई, तुम्ही शेतकरी माणसं. शेतात चालता तेवढं पुरत नाही का?"

तुम्ही माजी सरपंच, ऑफिसातल्या खुर्चीची भीती तुम्हाला नव्हतीच. पण त्या वेळी तुम्ही आवाज खाली आणलात. "शेतातलं चालनं घरासाठी असते सायेब. विहिरीवरचं चालनं लेकरायसाठी असते. एवढं एक आमचं आमच्यासाठी पायजे." त्याने चष्मा पुन्हा घातला. मग त्याने सांगितलं की दोन्ही गावांनी आपापल्या हद्दीपुरता वेगवेगळा प्रस्ताव द्यावा. तसे आपण दिले. पैसेही आले, पण काम अर्धं उरकावं इतकेच.

मी म्हणाले, दुसरा अर्ज करू. तुम्ही म्हणालात, "तुमी अर्ज लिहा, मी कनिक मळतो."

त्या रोडग्यांवरून मी तुमची किती थट्टा केली. दर रविवारी नदीकाठी गोवऱ्यांचा आर पेटायचा, त्यात कणकेचे ते गोळे भाजत पडायचे, आणि बाजूला वांग्याच्या भाजीचं पातेलं. ज्याच्या बगीच्याचा धुरा वाटेत येत होता त्याला बोलावणं, ज्याच्याकडे ट्रॅक्टर त्याला बोलावणं, मुरमाची खदान असलेल्यालाही. आणि मागायचं मात्र काहीच नाही. रोडगा फोडायचा, त्यावर तूप सोडायचं आणि पावसापाण्याचं बोलायचं. मला ते पटत नव्हतं. मुद्द्याचं बोला ना, असं मी कानात सांगायची. तुम्ही म्हणायच्या, "उपाशी मानूस हिशेब करते, मास्तरीनबाई. जेवलेला मानूस कबूल करते." एक बगीचेवाला असा होता की त्याने आपल्या सख्ख्या भावाला धुऱ्यावरून बैल नेऊ दिला नव्हता. तो दोन वेळा जेवून हात धुवून गेला. तिसऱ्या वेळी ताटावरून उठता उठता त्याचा त्यानेच विचारलं, "काकू, कुठून नेता तुमची ते वाट, दाखवा त खरं." मी अर्ज लिहून जे मिळवू शकले नाही ते तुम्ही वांग्याच्या भाजीवर मिळवलं. हे तेव्हा मी कबूल केलं नव्हतं. आज करते, कारण आज तुम्ही मिरवू शकत नाही.

दोन्ही गावांकडून वाट होत आली. आमच्या बाजूला सिमेंटचे गट्टू, कारण पावसाळ्यात पायाला चिखल नको असं माझं म्हणणं. तुमच्या बाजूला मुरूम, कारण पायाला माती लागली पाहिजे असं तुमचं. दोन्ही गावांनी आपापल्या बाईचं ऐकलं. कडुलिंबाची रोपं लागली, बसायला बाक आले. संध्याकाळी म्हातारी माणसं येऊन बसायला लागली, बायका पदर खोचून झपाझपा चालायला लागल्या. आणि मग आपल्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो आहोत.

तुम्ही आणि मी, दोघी या गावांत लग्न होऊन आलेल्या, दोघींच्या डोक्याचे केस इथेच पिकले. मोबाईलवर नकाशा उघडून आपण बोटाने रेघ ओढली तेव्हा दोघींपैकी एकीला तरी आठवायला हवं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्या गावात दारोदार रोवलेल्या पळसाच्या फांद्या उपटतात आणि पहाटे आरडाओरडा करत शिवेबाहेर नेऊन टाकतात. गावातला खोकला, ताप, रोगराई, सगळी इडापिडा त्या फांद्यांसोबत जाते. शिवेबाहेर म्हणजे कुठे, तर नदीकाठच्या त्या बाभळींमध्ये, बोरखेडीच्या हद्दीत. मला वाटत होतं ही आमचीच युक्ती. आणि तुमचं गाव पिढ्यान् पिढ्या नेमकं तेच करत होतं, त्याच बाभळींमध्ये, आमच्या हद्दीत टाकतो आहोत असं समजून. आपल्या गावांनी एकमेकांना मुली दिल्या आणि त्यासोबत दरवर्षी आपापला खोकलाही. तुम्हाला हे उमगलं तेव्हा तुम्ही बाकावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलात. "म्हनूनच त बरा होत नाही कोनी," म्हणालात.

पण हसून वाट होत नव्हती. आमच्या गड्यांनी गट्टू बाभळींपर्यंत आणले आणि थांबले. तुमचे मुरूम घेऊन पलीकडे थांबले. मधे चार-पाच बैलगाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढा तुकडा. एका अंगाला नदीची दरड, दुसऱ्या अंगाला बगीच्याची तार. त्या तुकड्यावर फावडं मारायला कोणी तयार नाही, पाय टाकायलाही नाही. आमच्या गोदाआत्याने तर जाहीरच केलं. झेंडूचा मळा असलेली, वरूडच्या बाजारात फुलं विकणारी ती बाई, सगळ्या गावाला तिचा शब्द. "दोन गावाची पिडा हाय तिथं. मी नाही जाणार, अन् माह्या घरच्या कोनाले जाऊ बी नाही देणार."

मग आपलं ते सुरू झालं. मी माझ्या टोकापर्यंत चालत यायची, तुम्ही तुमच्या. बाभळींच्या पलीकडे तुमचा पदर दिसायचा आणि आपण ओरडून बोलायचो. नातवाला दात आला, प्रमोदला सर्दी झाली, संत्र्याला भाव नाही, हे सगळं दोन्ही गावांनी ऐकलं. डॉक्टरने गोड बंद केलेलं, तरी तुम्ही बाभळींवरून मला संत्री फेकायच्या. मी झेलायची, सोलायची आणि तिथेच उभी राहून खायची. तिथेच मी पहिल्यांदा तुमच्यावर आवाज चढवला. ओरडल्याशिवाय ऐकूच जात नाही म्हटल्यावर किती वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर आलं. अर्चनाला नोकरी का करू दिली नाहीत, हे मी तुम्हाला त्या बाभळींवरूनच विचारलं. तुम्ही तिकडून ओरडलात, "मी कुठं अडवलं? तिले इचारा ना!" घरी येऊन मी तिला फोनवर विचारलं. तिने खरंच स्वतःच सोडली होती. मला वाईट वाटू नये म्हणून तुमचं नाव पुढे केलं होतं, आणि तुम्ही ते इतकी वर्षं चालवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी काठावर आले तेव्हा मला काय बोलावं सुचेना. तुम्ही पलीकडून ओरडलात, "आज काय उपास हाय का बोलाचा?"

एकदा मी म्हटलं, चला, आपण दोघींनीच जाऊन दाखवू. तुम्ही तिकडून या, मी इकडून येते, मधे भेटू. तुम्ही पाऊल उचललंत आणि पुन्हा मागे ठेवलंत. "मले काही नाही हो," म्हणालात, "पन घरात लेकरू हाय. उद्या त्याले नुसता ताप जरी आला, तरी मनात राहीन." मी तुम्हाला विज्ञान सांगणार होते. मुलांना कितीतरी वर्षं शिकवलेलं होतं ते. पण ते लेकरू माझंही होतं. माझाही पाय उचलला नाही, विहीणबाई. आपण आपापल्या घरी गेलो.

म्हणून मला जेसीबी हवा होता. कोणाला विचारायचं नाही, एका दुपारी बाभळी काढायच्या, दोन ट्रॉल्या मुरूम टाकायचा, झालं. जागा जागेसारखी दिसायला लागली की लोक विसरतात. तुम्ही ठाम नाही म्हणालात. "जेसीबीनं बाभूळ निघते. भेव नाही निघत. लोकं उद्या वाटच सोडून देतीन." मग काय करायचं? थांबायचं. कशासाठी? ते तुम्हालाही सांगता येत नव्हतं. मी चिडले. तुमचं वय काय, माझं काय, आपण कशाच्या भरवशावर थांबायचं, असं मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "लावा मंग जेसीबी. त्या दिवशी मी रोडगे नाही करत." आणि दूध उतू चाललं म्हणून निघून गेलात. नदीकाठी, दूध.

ते आपलं शेवटचं बोलणं.

अर्चनाचा फोन आला तेव्हा उजाडत होतं. "आई, आत्याबाई गेल्या," एवढंच ती म्हणाली. झोपेतच गेलात. गावात बातमी पसरली आणि लोक माझ्या दारात जमले. पहिली एसटी यायला वेळ होता, ट्रॅक्टर बगीच्यांत गेलेले. कोणीतरी म्हणालं, चला काठाने. कोण म्हणालं ते मला माहीत नाही. बायका निघाल्या, मागे पुरुष. गट्टू संपले तिथे सगळे थांबले. समोर बाभळी, पलीकडे तुमचा मुरूम, आणि त्यावर तुम्ही नाही.

कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मग गोदाआत्या पुढे आली. तिने लुगड्याचा काष्टा आवरला आणि म्हणाली, "मातीलेच चाललो ना आपन? घरी येऊन आंघोळ करायचीच हाय. मंग कायची इडा अन् कायची पिडा." आणि ती बाभळींत शिरली. हाताने फांद्या बाजूला धरून ती मागच्या बायकांना वाट देत होती. तिच्यामागून सगळ्या गेल्या. मी शेवटी गेले. पायाखाली कुजलेल्या पळसाच्या काड्या मोडत होत्या. तिथे मी पहिल्यांदा रडले. तुमच्या अंगणात पोचेपर्यंत माझं रडून झालं होतं, म्हणून अर्चनाला धरता आलं.

परत येतानाही सगळे तिथूनच आले. आंघोळ करायचीच होती. राख सावडायच्या दिवशी तिथूनच. मग रोज कोणी ना कोणी तुमच्या घरी भेटायला जात राहिलं, तिथूनच, आणि घरी येऊन न्हाणीत शिरत राहिलं. बाभळींच्या फांद्या कोणी तोडल्या नाहीत, पण येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्या मागे सारल्या आणि मधे पाऊलवाट पडली. मी मात्र धाकधुकीत होते. दहावं झालं की सुतक फिटणार. तुमचं घर धुवून निघणार. मग आंघोळीचं निमित्त उरणार नाही, आणि सगळे पुन्हा आपापल्या टोकाला थांबतील. तुम्ही गेलात तेवढ्यापुरती ती वाट असेल, असं मला वाटत होतं. त्याचा मला फार राग येत होता. तुमच्या मरणाने ती वाट तेवढ्या दिवसांपुरती उधार दिल्यासारखी.

दहावं परवा झालं. आज सकाळी मी काठाने निघाले. थंडी चांगली पडली आहे, गट्टूंवर दव होतं. आणि बाभळींमधून समोरून गोदाआत्या येताना दिसली, डोक्यावर रिकामं टोपलं. उद्याच्या माळांसाठी झेंडू पोचवून परत येत होती. एकटी. मी तिला विचारलं, "आंघोळ?"

"झाली ना पहाटीच," ती म्हणाली.

"मग आता पुन्हा?"

तिने टोपलं डोक्यावरून काखेत घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं. "आता कायले? इतकं थंड पानी. अन् फुलं पोचवाले गेलती मी, मातीले नाही." मी म्हटलं, आत्या, आणि पोळ्याला? फांद्या कुठे टाकणार? "पोळ्याचं पोळ्याले पाहू," म्हणाली आणि घराकडे चालायला लागली. तिच्या मागून तुमच्या गावच्या दोन बायका येत होत्या. मी त्यांना ओळखतही नाही. त्या दोघी कशालाच निघाल्या नव्हत्या, नुसत्या चालत होत्या.

मला इतका आनंद झाला, विहीणबाई, की हे तुम्हाला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं असं वाटलं. तुम्ही बरोबर होतात असं मी म्हणणार नव्हते, माणसं भेव आपणहून टाकतात खरं, पण नुसतं थांबून नाही, यावर आपल्याला अजून पुष्कळ भांडायचं होतं. मी तशीच झपाझपा निघाले. गट्टू केव्हा संपले, बाभळी केव्हा मागे पडल्या, पायाखाली मुरूम केव्हा आला, काही कळलं नाही. मनात वाक्यं जुळवत, तुमचं उत्तर काय येईल ते धरून त्याला प्रत्युत्तर तयार करत मी तुमच्या अंगणात येऊन उभी राहिले.

अर्चना सडा टाकत होती. मान वर करून ती म्हणाली, "आई? एवढ्या सकाळी कोणाकडे?"

"सुमनकडे," मी म्हणाले.

तुमच्या तोंडावर मी तुम्हाला कधी नुसतं नावाने हाक मारली नाही. अर्चनाने बादली खाली ठेवली, ओसरीतली तुमची खुर्ची माझ्यासाठी बाहेर आणली आणि चहा टाकायला आत गेली.